उणे पस्तीसमध्ये घर लाकडावर तापवायचं तर

प्रश्न असा आलाय. अमेरिकेत मिनेसोटात डुलुथच्या उत्तरेला अर्ध्या तासावर घर घेतलंय, तळघरात घरभर गरम हवा सोडणारी, प्रोपेन गॅसवर चालणारी फर्नेस आहे आणि हॉलमध्ये आधीच्या मालकाने बसवलेला लाकडाचा स्टोव्ह आहे. मागच्या जानेवारीत थंडीची लाट आली तेव्हा दोन दिवस स्टोव्ह पेटवून बघितला तर काच काळीकुट्ट झाली, घरात धूर भरला, हॉलमध्ये घाम फुटत होता आणि बेडरूममध्ये दात वाजत होते. या हिवाळ्यात नाशिकहून आई येणार आहेत, मुलगी तीन वर्षांची आहे. ‘ताई, उणे ३० मध्ये नुसत्या लाकडावर घर चालतं का, आणि चालत असेल तर आमचं काय चुकलं?’

चालतं. मी या भागात २१ हिवाळे काढलेत, त्यातले १९ लाकडावर, आणि उणे ३५ सेल्सिअसच्या रात्री बाहेर झाडं फटाके फुटल्यासारखी तडकतात तेव्हा घरात २१ अंश ठेवून झोपलेली आहे. या राज्याचा विक्रम २ फेब्रुवारी १९९६ चा, टॉवर नावाच्या गावी उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस, आणि त्या पट्ट्यात त्या रात्रीही कितीतरी घरं लाकडावरच होती. तेव्हा चालतं की नाही हा प्रश्नच नाही. पण तुम्ही जे चार त्रास सांगितलेत ना, काळी काच, धूर, हॉल गरम, बेडरूम थंड, त्यातले पहिले दोन बहुतेक स्टोव्हचे नाहीतच, ते लाकडाचे आहेत. आणि लाकडाचा इलाज जानेवारीत होत नाही, तो आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये होतो. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

लाकूड वाळलंय म्हणजे काय ते आधी बघू. ताज्या तोडलेल्या झाडाचं जवळजवळ निम्मं वजन पाणी असतं. स्टोव्हला हवं २० टक्क्यांच्या आतलं. त्याच्या वरचं लाकूड टाकलं की आधी ते पाणी उकळून वाफ व्हायला आग खर्ची पडते, भट्टी म्हणजे स्टोव्हचा आग जळायचा कप्पा थंड राहतो, आणि भट्टी थंड राहिली की धूर जळत नाही. लाकडातली अर्ध्याहून जास्त ऊर्जा त्या धुरात म्हणजे लाकडातून निघणाऱ्या वायूंमध्ये असते हो! आजचे स्टोव्ह भट्टीच्या छताजवळच्या नळ्यांतून गरम हवा सोडून तोच धूर दुसऱ्यांदा जाळतात, पण त्यासाठी तिथे ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. ओल्या लाकडाने ते कधीच येत नाही. मग न जळलेला धूर काचेवर बसतो, ती झाली तुमची काळी काच, आणि उरलेला धुराड्यात वर जाऊन थंड भिंतीवर डांबरासारखा चिकटतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. काच पुसता येते. धुराड्यातलं डांबर पेटतं.

आमचा दुसरा हिवाळा. एका माणसाकडून ‘सीझन्ड’ म्हणजे वाळवलेलं म्हणून ५ कॉर्ड लाकूड घेतलं होतं (कॉर्ड हे लाकडाचं इथलं माप, पुढे सांगते), ओक आणि मेपल, दिसायला करडं, टोकाला भेगा पडलेल्या, मला वाटलं झकास. जाळताना ढलप्यांच्या टोकांतून फेस यायचा आणि तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र चर्र आवाज यायचा. मी तो आवाज तीन महिने ऐकला आणि लाकूड असंच जळत असेल असं धरून चालले. फेब्रुवारीतल्या एका रात्री, बाहेर उणे २७ होतं, सकाळपर्यंत टिकावं म्हणून भट्टी गच्च भरली आणि हवा बंद करत आणली, आणि अकराच्या सुमाराला धुराड्यातून मालगाडी जावी तसा घरघराट सुरू झाला. पाइपवरच्या थर्मामीटरचा काटा शेवटाला जाऊन टेकला होता, पाइप टिकटिक वाजत होता. नवरा बाहेर धावला तर धुराड्याच्या टोपीतून हातभर ज्वाळा निघत होत्या आणि ठिणग्या छपरावरच्या बर्फात पडून विझत होत्या. स्टोव्हची हवा पूर्ण बंद केली, दार उघडलं नाही, लेकीला रजईत गुंडाळून गाडीत बसवलं, ९११ ला फोन केला. अग्निशामकवाल्यांनी वरून कोरड्या पावडरच्या पिशव्या सोडून विझवलं. आमचं धुराडं दुहेरी भिंतीचं, इन्सुलेटेड, २१०० फॅरनहाइटच्या चाचणीतून गेलेलं होतं म्हणून घर राहिलं. जुन्या विटांचं फुटकं धुराडं असतं तर आग छपराच्या लाकडात शिरली असती. दुसऱ्या दिवशी तो ढीग फोडून मोजला तर आत ३४ टक्के पाणी.

म्हणून ‘सीझन्ड’ या शब्दावर विसंबू नका, मोजा. ओलावा मोजायचा मीटर २५-३० डॉलरला मिळतो. पण मोजायची पद्धत चुकली तर तो खोटं सांगतो. ओंडक्याच्या बाहेरच्या टोकाला पिना खुपसून मोजू नका, ते कायम वाळलेलंच असतं. ढलपी कुऱ्हाडीने मधोमध फोडायची आणि त्या ताज्या उघड्या पोटावर, रेषांच्या दिशेने पिना दाबायच्या. आणि गोठलेलं लाकूड कधीच मोजू नका, आकडा कमी दाखवतो, दोन दिवस घरात ठेवून कोमट झालं की मगच. मीटर नसेल तर फोडलेली बाजू गालाला लावून बघा, ओलं लाकूड गालाला गार लागतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा, वाळलेल्या टणटण वाजतात, ओल्या धप्प. आपल्याकडे गवंडी वीट वाजवून घेतो तसंच.

कोणतं लाकूड, हे पण तुम्हाला कळायला हवं कारण इथला प्रत्येक विकणारा वेगळं सांगेल. आपल्याकडे चुलीला बाभूळ म्हटलं की बायका खुश आणि पांगारा म्हटलं की कपाळावर आठी, तोच फरक इथे शुगर मेपल, रेड ओक आणि अ‍ॅस्पेनमध्ये आहे. अ‍ॅस्पेनला इथली माणसं पॉपल म्हणतात. किलोला किलो धरलं तर सगळ्या वाळलेल्या लाकडात ऊर्जा साधारण सारखीच, फरक घनतेचा. त्यामुळे तेवढ्याच भट्टीत मेपल भरला तर रात्र निघते आणि पॉपल भरला तर दोन-तीनला उठावं लागतं. ओक उत्तमच, पण वाळायला दोन उन्हाळे घेतो, काही वेळा तीन, आणि लोक इथेच फसतात. पेपर बर्च, ती पांढऱ्या सालीची, एका चांगल्या उन्हाळ्यात वाळते पण फोडून ठेवली तरच, साल न फोडता ओंडका तसाच ठेवला तर आतल्या आत सडतो. तिची साल मात्र जपून ठेवा, त्यात तेल असतं, पावसात भिजलेली सुद्धा पेटते, मी गोणीभर साठवते. अ‍ॅश स्वस्तात मिळेल, कारण पाचूच्या रंगाचा एक किडा (तो २००९ मध्ये सेंट पॉलला सापडला, मग राज्यभर पसरत गेला) ही झाडं मारत चाललाय. लाकूड चांगलं आहे, पण लांबून गाडीत घालून आणू नका, किडा आणि अळ्या सालीखालून प्रवास करतात, त्यावर कायद्याने बंदीही आहे. जवळपासचं घ्या.

मोजमापातही फसवणूक होते. कॉर्ड म्हणजे ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब असा रचलेला ढीग, १२८ घनफूट. ‘फेस कॉर्ड’ म्हणून जे विकतात ते १६ इंची ढलप्यांची एकच रांग असते, म्हणजे कॉर्डचा तिसरा हिस्सा. भाव विचारताना रचून मोजणार असं आधीच सांगा.

आता किती लागेल. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ४ युनिट उष्णता असते, आपलं विजेच्या बिलातलं युनिट. चांगला स्टोव्ह त्यातली तीन घरात देतो, एक धुराड्यातून जाते, आणि ती जायलाच हवी नाहीतर धुराडं ओढणार नाही. तुमचं घर बऱ्यापैकी इन्सुलेशनचं, दोन हजार स्क्वेअर फुटांचं धरलं तर बाहेर उणे ३० आणि आत २० असताना ते तासाला १० युनिट उष्णता गमावतं असं धरा. म्हणजे दिवसाला २४०, म्हणजे ८० किलो लाकूड! वाळलेल्या रेड ओकचा एक कॉर्ड साधारण १६०० किलोचा भरतो, तो अशा थंडीत २० दिवस. दाराच्या फटी आणि माळ्यावरचं इन्सुलेशन नीट नसेल तर हाच आकडा दीडपट धरा, म्हणून लाकडावर खर्च करण्याआधी माळ्यावर करा. आम्हाला अख्ख्या हिवाळ्याला ६ कॉर्ड लागतात. ८० किलो लाकूड रोज आत आणायचं, भरायचं आणि राख काढायची हे काम आहे, आणि ते घरातल्या एकाच माणसावर टाकलं तर त्या माणसाची कंबर फेब्रुवारीत बोलायला लागते.

धूर घरात का आला? त्याची कारणं दोन-तीन असू शकतात, पण एक गोष्ट मी तुम्हाला खात्रीने विचारते. तेव्हा स्वयंपाकघरात एक्झॉस्ट चालू होता का? आपल्या घरांमध्ये फोडणी टाकली की आधी हात त्या बटणाकडे जातो. इथली घरं थंडीसाठी घट्ट बांधलेली, पंखा हवा बाहेर फेकतो, ती हवा कुठूनतरी आत यायला हवी, आणि सगळ्यात सोपी वाट असते धुराड्याची. मग धुराडं उलटं चालायला लागतं. बाथरूमचा पंखा, कपड्यांचा ड्रायर, सगळ्यांचं तेच. स्टोव्ह पेटवताना आणि दार उघडून लाकूड भरताना हे सगळं बंद ठेवायचं आणि जवळची एक खिडकी बोटभर उघडायची. बोटभर खिडकीने घर थंड होत नाही.

दुसरं कारण, थंड धुराडं. आपला तांब्याचा बंब आठवा, मधून नळी, खाली जाळी, वर धुराडं. आजी आधी चिपाडं आणि कागद टाकायची, नळी तापून धूर सरळ वर जायला लागला की मग ढलप्या. इथे तेच करायचं. बाहेर उणे ३० असताना घराबाहेरच्या भिंतीवरून गेलेल्या धुराड्यात गार हवेचा बोळा बसलेला असतो, तो जड, तो खाली उतरतो. वर्तमानपत्राचा एक कागद पिळून पेटवायचा आणि भट्टीच्या वरच्या तोंडाशी धरायचा, अर्ध्या मिनिटात ‘भुस्स’ असा आवाज होऊन ज्योत वर ओढली गेली की समजा वाट मोकळी झाली. मग आग वरून खाली पेटवायची, म्हणजे तळाला जाड ढलप्या, त्यावर मध्यम, त्यावर काड्या आणि बर्चची साल, आणि काडी सगळ्यात वर लावायची. आपल्याला हे उलटं वाटतं कारण चूल खालून पेटवायची सवय, पण अशी पेटवली की पहिल्या मिनिटापासून धुराडं गरम होतं आणि धूर ज्वाळेतून जाऊनच वर जातो.

आणि एक गंमत बघा, हीच थंडी एकदा धुराडं तापलं की उलटं काम करते. बाहेरची हवा जितकी गार तितकी ओढ जास्त. डिसेंबरच्या उणे ५ मध्ये तुम्ही हवेची झडप जिथे ठेवाल तिथेच उणे ३५ मध्ये ठेवलीत तर स्टोव्ह बेफाम होतो. लाटेच्या रात्री घरं जळतात ती यामुळेही, थंडी वाजतेय म्हणून माणसं भट्टी ठासून भरतात, दार किलकिलं ठेवतात, आणि पाइप लालबुंद होतो. म्हणून दोन थर्मामीटर लावाच, चुंबकाने चिकटतात, स्वस्त आहेत. एक स्टोव्हच्या माथ्यावर, तिथे २०० ते ३४० सेल्सिअसमध्ये चालू द्या, तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात काही वेगळं असेल तर पुस्तक खरं. दुसरा एकेरी भिंतीच्या पाइपवर, तिथे १२० च्या खाली डांबर बसतं आणि २४५ च्या वर फार झालं. पाइप दुहेरी भिंतीचा असेल तर बाहेरून चिकटवलेला काटा उपयोगाचा नाही, आत खुपसायचा घ्यावा लागतो. आम्ही झोपण्याआधी या दोन काट्यांकडे बघितल्याशिवाय दिवा बंद करत नाही.

आता उणे ३५ चा दिवस प्रत्यक्षात कसा जातो. पहाटे पाचला उठलं की राखेवर निखाऱ्यांचा थर असतो. आपल्या आज्या रात्री विस्तव राखेत पुरून ठेवायच्या आणि सकाळी फुंकणीने जागवायच्या, तेच इथे, फक्त फुंकणीऐवजी हवेची झडप. लोखंडी खोऱ्याने निखारे दाराकडे, जिथून हवा आत येते तिथे ओढायचे, मागे जाड ढलप्या ठेवायच्या, हवा पूर्ण उघडायची. १५-२० मिनिटांत सगळं पेटलं की हवा टप्प्याटप्प्याने कमी करायची, एकदम नाही. वरच्या नळ्यांच्या भोकांतून गॅसच्या शेगडीसारख्या ज्वाळा तरंगायला लागल्या की बरोबर जागा सापडली, बाहेर जाऊन बघा, धुराड्यातून धूर नाही, फक्त वाफ दिसेल. मग चार-पाच तास हात लावायचा नाही. सारखं दार उघडून एकेक ढलपी टाकायची सवय सोडा, पूर्ण भरायचं, पूर्ण जाळायचं, मग परत भरायचं.

तिसऱ्या दिवशी एक अडचण येते जी कोणी आधी सांगत नाही. कडाक्याच्या थंडीत आपण लवकर लवकर भरतो, त्यामुळे आधीचे निखारे पूर्ण जळायच्या आत नवीन लाकूड पडतं, आणि भट्टी निखाऱ्यांनीच निम्मी भरते. लाकडाला जागा नाही आणि नुसत्या निखाऱ्यांची धग पुरत नाही, घर हळूहळू गार होत जातं आणि माणूस घाबरून अजून लाकूड कोंबतो. अशा वेळी निखारे पुढे ओढा, वर पॉपलची किंवा पाइनची एकच बारीक वाळलेली ढलपी ठेवा आणि हवा उघडी टाका, तासाभरात निखारे खाली बसतात आणि तेवढा वेळ उष्णताही चांगली मिळते. मी म्हणूनच पॉपलला नावं ठेवत नाही, दिवसा पॉपल आणि बर्च, रात्री मेपल आणि ओक. आणि लाकूड एक-दोन दिवस आधी घरात आणून ठेवा, उणे ३५ ची ढलपी सरळ भट्टीत टाकली की भट्टी गारठते. पण ढीग स्टोव्हपासून ३ फुटांच्या आत नको. ३ फूट हे सगळ्यालाच लागू, सोफा, पडदा, लाकडाची टोपली, वाळत घातलेले मोजे.

रात्रीचं भरणं सगळ्यात मोठं, पण हवा कोंडून धुमसत ठेवायचं नाही, मी जे त्या फेब्रुवारीत केलं ते. वाळलेलं जाड लाकूड भरा, अर्धा तास नीट पेटू द्या, ज्वाळा दिसत असतानाच हवा कमी करून झोपा. पहाटे घर १७-१८ वर आलेलं असेल, असू दे.

बेडरूम थंड का राहतं? बहुतेक लोक पंखा स्टोव्हच्या मागे ठेवून गरम हवा खोलीकडे ढकलायला बघतात, ती वरच्या वर छताला लागून विरते. उलटं करा. बेडरूमच्या दारात जमिनीवर छोटा टेबलफॅन स्टोव्हच्या दिशेने तोंड करून मंद लावा. गार हवा जड असते, ती जमिनीवरून हॉलकडे जाते आणि तिची जागा घ्यायला वरून गरम हवा बेडरूममध्ये येते. दाराच्या चौकटीला वर टॉयलेट पेपरची एक पट्टी चिकटवून बघा, ती आतल्या बाजूला वाकलेली दिसेल. आमच्याकडे याने ४-५ अंशांचा फरक पडला.

आता नुसत्या लाकडावर चालवण्याबद्दल, आणि इथे मी तुम्हाला थोडं थांबवते. फर्नेस बंद करून टाकू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणारं यंत्र, बहुतेक तुमच्या हॉलमध्येच असेल. स्टोव्हने हॉल २४ ला नेला की थर्मोस्टॅटला वाटतं सगळं ठीक आहे, फर्नेस दिवसदिवस चालूच होत नाही, आणि तळघरात, उत्तरेकडच्या भिंतीत, सिंकखालच्या कपाटात पाण्याचे नळ गोठतात. आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात हे झालं, हॉलमध्ये आम्ही हाफ शर्टात आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप फुटलेला, कळलं कधी तर बर्फ वितळल्यावर जमिनीवर पाणी आलं तेव्हा. लाटेच्या दिवसांत दर तीन-चार तासांनी फर्नेस मुद्दाम १५ मिनिटं चालवा, सिंकखालची दारं उघडी ठेवा, घरातले जे नळ बाहेरच्या भिंतीला लागून आहेत त्यांची धार बारीक चालू ठेवा, आणि तळघरात एक थर्मामीटर टांगा ज्याचा आकडा वर दिसेल.

मग स्टोव्ह कशासाठी, असं वाटेल. जानेवारी २०१४ मध्ये या सगळ्या मिडवेस्टमध्ये प्रोपेनचा तुटवडा झाला होता, भाव काही आठवड्यांत दुपटीवर गेले, टँकर कधी येईल ते सांगता येत नव्हतं, थंडी मात्र रोज उणे २५. आणि फर्नेसमध्ये गॅस असला तरी तिचा पंखा विजेवर चालतो, वीज गेली की ती पेटत नाही. स्टोव्हला दोन्ही लागत नाही. दोघं मिळून घर सांभाळतात, एकाला सुट्टी देऊन दुसऱ्यावर सगळं टाकलं की धोका.

आई आणि मुलीसाठी वेगळं सांगते. स्टोव्हभोवती जाळीचं कुंपण, भिंतीला पक्कं अडकवलेलं, मुलगी चालते-धावते आहे तोवर काढायचंच नाही. आईंना ऊब दिसली की त्या चुलीपुढे बसल्यासारख्या पाट घेऊन जवळ बसणार, आणि पदर, ओढणी, नायलॉनचा गाऊन, फ्लीसची शाल हे सगळं पेट घेतं नाहीतर वितळून अंगाला चिकटतं. माझी आई आली होती तेव्हा मी तिला लोकरीचं स्वेटरच घालायला लावलं होतं आणि खुर्ची कुठे ठेवायची त्याची जमिनीवर टेपने खूण केली होती. घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, स्टोव्हवर बिडाची किटली भरून ठेवा आणि पाणी संपू देऊ नका. दमा असेल तर स्टोव्ह भरायच्या वेळी त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. हिमाचल-काश्मीरला फिरायला गेलेली माणसं बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपतात आणि उठत नाहीत, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. अर्धवट धुमसणारी भट्टी आणि उलटं चालणारं धुराडं हे त्याचंच रूप. मिनेसोटात प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे, तुमच्या घरात आहेत का आणि त्यांची मुदत संपलीय का ते आजच बघा, अलार्म ७-१० वर्षांत निकामी होतात.

राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, आणि डबा घराबाहेर, लाकडी डेकवर किंवा गॅरेजमध्ये नाही, सरळ मोकळ्या जमिनीवर. वरून थंडगार दिसणाऱ्या राखेत विस्तव तीन-चार दिवस जिवंत राहतो. तळाला इंचभर राख मात्र राहू द्या, निखारे त्यात टिकतात.

तुमच्याकडे आत्ता ऑगस्ट आहे, तेव्हा या क्रमाने करा. आधी धुराडं साफ करणाऱ्या सर्टिफाइड माणसाला बोलवा आणि नुसता ब्रश मारून घेऊ नका, कॅमेरा आत सोडून करतात ती लेव्हल २ तपासणी मागा, घराचे मालक बदलले की ती करायचीच असते. तुम्ही ओलं लाकूड दोनच दिवस जाळलं, पण आधीच्या मालकाने किती वर्षं काय जाळलं ते आपल्याला माहीत नाही. धुराड्याची उंचीही बघून घ्या, छपरातून निघते तिथून किमान ३ फूट आणि १० फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट वर. विम्याच्या कंपनीला स्टोव्ह आहे हे लेखी कळवा. ऑगस्टमध्ये घेतलेला ओला ओक या हिवाळ्यात जळणार नाही, कोणी काहीही सांगू दे, त्यामुळे या वर्षापुरतं कारखान्यातल्या भट्टीत वाळवून विकतात ते (किल्न-ड्राइड) लाकूड किंवा भुसा दाबून केलेल्या विटा घ्या (मेण नसलेल्या, आणि तुमच्या स्टोव्हच्या पुस्तकात चालतात असं असेल तरच, पहिल्यांदा निम्म्याच भरा, फार तापतात). आणि पुढच्या वर्षाचं मेपल-बर्च याच ऑक्टोबरात आणून, फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवून रचा. ताडपत्री अख्ख्या ढिगाला गुंडाळू नका, आत वाफ कोंडते.

तपासणीचा रिपोर्ट आला आणि घरातल्या ढिगातल्या पाच-सहा ढलप्या फोडून मीटर लावलात की आकडे मला कळवा, आणि स्टोव्हच्या मागच्या पत्र्यावर कंपनी, मॉडेल आणि वर्ष छापलेलं असतं तेही, मग तुमच्या झडपेचं नेमकं सांगता येईल.